आर्कोनाच्या कड्यावर तांदळातले देव

माझ्या सासूबाईंना देव बुडवायला स्वच्छ समुद्र हवा होता. मी असं म्हणालो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बुडवायला नाही, निखिलराव. पोचवायला म्हणावं."

त्यांच्या बोलण्यात नारळ फुटत नाही, वाढतो. दिवा विझत नाही, शांत होतो. डब्यातलं मीठ संपलं तर ते 'उदंड झालं' म्हणायचं, आणि घरातून निघणारा 'जातो' म्हणाला तर त्याला दारातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायचं. मी बर्लिनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. काय बिघडलं, काय बंद पडलं हे दिवसभर मोठ्याने सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे सासूबाईंची ही भाषा मला गोड वाटे, पण तिचा उपयोग काय ते कधी कळलं नव्हतं.

देव म्हणजे दोन टाक. एक खंडोबाचा, एक भवानीचा, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले, तळहातावर मावतील एवढे. सासरे गेल्या वर्षी गेले. त्यांना मुलगा नाही, एकच मुलगी, म्हणजे माझी बायको मुग्धा. कुळाचे देव मुलाकडे जातात, आणि मुलीच्या सासरचे देव वेगळे, असा रिवाज. पुतण्यांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, "काकू, आमच्याकडे आमचे आहेत की." दुसऱ्याचा फोनच परत आला नाही. आपल्या मागे देव कुणाच्या तरी माळ्यावर पडण्यापेक्षा आपल्या हाताने पाण्यात सोडावेत, असं सासूबाईंनी ठरवलं. पुण्यात का नाही, असं मी विचारलं. "मुठेत? त्या पाण्यात मी पाय घालणार नाही," त्या म्हणाल्या.

म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला येताना देव त्यांच्याबरोबर आले, स्टीलच्या डब्यात, तांदळात पुरून. घर बंद ठेवायचं तर देव तांदळात ठेवतात, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत. डब्याच्या झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं होतं. ते चिन्ह इथे कशासाठी ओळखलं जातं हे सांगायला नको. मुग्धाने घरात सापडलेलं पहिलं लेबल त्यावर चिकटवलं. ते जॅमच्या उद्योगातून उरलेलं होतं आणि त्यावर 'त्सुकर' लिहिलं होतं, म्हणजे साखर.

"आई, मी ठेवते ना देव," मुग्धा दर दोन दिवसांनी म्हणे. "मुलीच्या घरी माहेरचे देव जात नाहीत," हे उत्तर ठरलेलं. "माझ्या घरात दुसरे देवच नाहीयेत," हे त्यावरचं उत्तरही ठरलेलं. ते खरं होतं. आमचे कुळाचे देव साताऱ्याला थोरल्या भावाकडे असतात आणि इथे फ्रिजवर गणपतीचं एक मॅग्नेट आहे. या वादात मी तोंड उघडलं नाही. मी देव मानत नाही, त्यामुळे हा माझा विषय नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

ऑफिसात माझ्यासमोर हाइके बसते. तिला मी जेवताना सहज विचारलं, शांत, स्वच्छ समुद्र कुठे मिळेल? ती म्हणाली, "र्युगेन बेटावर. आम्ही ऑगस्टच्या शेवटी जातोय. या आमच्याबरोबर." आम्ही म्हणजे कोण, असं विचारल्यावर तिने काटा खाली ठेवला आणि सांगितलं की ती हाइडन आहे. चर्च येण्याआधीचे देव मानणाऱ्यांना जर्मनमध्ये हाइडन म्हणतात. इतकी वर्षं एकमेकांसमोर बसून आम्ही फक्त कॉफी मशीनबद्दल बोललो होतो.

शुक्रवार, पुटगार्टन

बर्लिनहून उत्तरेला गेलं की जमीन सपाट होत जाते. श्ट्रालझुंडचा पूल ओलांडला की र्युगेन. कापणी झालेली पिवळी शेतं, त्यांच्यामध्ये लाल विटांची चर्चं, गवताने शाकारलेली घरं आणि वाटेल त्या बाजूला अचानक समुद्र. बेटाच्या अगदी उत्तर टोकाला पुटगार्टन नावाचं गाव आहे. तिथे हाइकेने एक जुनं शेतघर भाड्याने घेतलं होतं. दोन खोल्या आमच्या, दोन त्यांच्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं.

'त्यांच्या' म्हणजे हाइके आणि होल्गरच्या. होल्गर तिचा नवरा. त्याने दार उघडलं आणि मी अर्धं पाऊल मागे सरलो. दाराएवढा माणूस, गळ्यात थोर या जुन्या देवाचा चांदीचा हातोडा, हातभर रून, म्हणजे इथली प्राचीन अक्षरं, गोंदलेली. हातोडे आणि रून मिरवणाऱ्या नाझी विचारांच्या काही लोकांपासून माझ्या रंगाच्या माणसाने चार हात लांब राहावं, हे इथे राहिलं की कुणी न शिकवता कळतं. त्याला माझं पाऊल दिसलं. सासूबाईंची बॅग उचलून त्याने आत नेली.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि जवसाचं तेल असं जेवण दिलं. शाकाहारी पाहुण्यांसाठी मुद्दाम. बरोबर समुद्रकाठच्या झुडपांच्या नारिंगी फळांचा, झांडडॉर्नचा रस होता. तो एवढा आंबट की माझे डोळे मिटले, पण सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतला. "आवळ्याच्या जातीचं आहे. याचं लोणचं का घालत नाहीत हे लोक?" त्यांनी मुग्धाला विचारलं.

जेवणानंतर होल्गर चहा करायला उठला. साखर शोधता शोधता त्याला 'त्सुकर' लिहिलेला डबा दिसला आणि त्याने त्यात चमचा खुपसला. खण्ण असा आवाज झाला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांग मुग्धा, ती साखर नाही. खंडोबा आहे."

मुग्धाने सांगितलं. होल्गरचा चेहरा पांढरा पडला. तो दाराएवढा माणूस फरशीवर गुडघे टेकून बसला आणि डब्याकडे बघत जर्मनमध्ये त्याची माफी मागू लागला. आमची नव्हे, डब्याची. मग त्याचं लक्ष झाकणाकडे गेलं. लेबल ओलं होऊन निम्मं निघालं होतं आणि खालचं लाल स्वस्तिक दिसत होतं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "नाझींनी तुमच्याकडूनही चोरलं आणि आमच्याकडूनही." त्याने आपल्या हातावरच्या रून अक्षरांकडे बोट केलं. "रक्ताच्या गोष्टी बोलणाऱ्यांना आम्ही आमच्यात उभं करत नाही. तरी दर वेळी दारातल्या माणसाचं पाऊल मागे सरतं. सरायलाच हवं." मग त्याने अंगठ्याने ते लेबल परत नीट दाबून बसवलं. त्याच्याबद्दलची माझी भीती तिथे संपली. सासूबाईंच्या भाषेत, शांत झाली.

चहाबरोबर त्याने आपल्या देवाची, ओडिनची गोष्ट सांगितली. ज्ञानाच्या विहिरीचा एक घोट मिळावा म्हणून ओडिनने स्वतःचा डोळा काढून दिला. सासूबाईंनी भाषांतर पूर्ण ऐकून घेतलं. "देव असून त्याला काही द्यावं लागलंच," त्या म्हणाल्या, आणि होल्गरला दुसरा चहा करायला सांगितला.

शनिवार सकाळ, आल्टनकिर्शन

हाइकेचा देव ओडिन नव्हे. तिचा देव स्वांतेविट. हजारेक वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर स्लाव लोक राहत होते. आर्कोनाच्या कड्यावर त्यांचं मोठं देऊळ होतं आणि त्यात चार तोंडांची लाकडी मूर्ती होती. त्याची उरलेली एक खूण बघायला ती आम्हाला आल्टनकिर्शनच्या चर्चमध्ये घेऊन गेली.

भिंतीत खाली एक दगड बसवलेला आहे. त्यावर दाढीवाला माणूस कोरलेला, हातात भलंमोठं पिण्याचं शिंग. दगड आडवा आहे. माणूस कुशीवर पडलेला दिसतो.

"आडवा का?" सासूबाईंनी विचारलं.

हाइके म्हणाली, "हा स्वांतेविटच असेल असं नक्की सांगता येत नाही. त्याचा पुजारी असेल, एखादा राजाही असेल. पण आडवा ठेवला तो हरला हे दाखवायला, असं आम्ही मानतो."

मग तिने देवाबद्दल सांगितलं. वर्षातून एकदा पुजारी देऊळ झाडायचा, आणि आपला श्वास देवाला लागू नये म्हणून दर वेळी दाराबाहेर येऊन श्वास सोडायचा. सासूबाईंनी मान हलवली. सोवळं त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. देवाचा एक पांढरा घोडा होता. त्याच्यावर कुणी बसायचं नाही. पण सकाळी तो घामाने आणि चिखलाने माखलेला सापडायचा, कारण रात्री देव त्याच्यावर बसून शत्रूशी लढून आलेला असायचा.

"पांढरा घोडा?" सासूबाई थबकल्या. "मग हा आपल्यातलाच की."

त्यांनी पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली आणि चिमूटभर हळद त्या आडव्या माणसाच्या पायाशी ठेवली. मी चर्चचं कुणी बघत नाही ना ते पाहिलं. हाइके त्या पिवळ्या चिमटीकडे बराच वेळ बघत उभी होती.

शनिवार दुपार, आर्कोना

पुटगार्टनच्या पुढे गाडी नेता येत नाही. शेतांच्या मधून चालत जायचं. समोर दीपस्तंभ, दोन्ही हातांना समुद्र आणि टोकाला खडूच्या दगडाचा पांढरा कडा. तिथे गवताने झाकलेला एक उंच मातीचा तट उरला आहे. तटाच्या आत देऊळ होतं. आता तिथे बरीचशी हवाच आहे, कारण कडा दर वर्षी थोडा थोडा कोसळतो आणि देवळाची जागा केव्हाच समुद्रात गेली.

तटाच्या अलीकडच्या कुरणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मी काहीतरी गूढ, झगे घातलेलं दृश्य मनात धरलं होतं. प्रत्यक्षात ती आपल्याकडच्या कुळधर्माला जमतात तशीच मंडळी होती. कुणी घडीच्या खुर्च्या आणलेल्या, कुणी बाळाच्या गाडीत सॅलडचं भांडं ठेवलेलं, आणि एक आजोबा वारा फार आहे म्हणून सगळ्यांवर चिडलेले.

हाइकेने आधी मूर्तीचं काय झालं ते सांगितलं. बाराव्या शतकात डेन्मार्कच्या राजाने किल्ला घेतला. मूर्तीचे पाय कुऱ्हाडीने तोडले, दोर बांधून ती बाहेर ओढली, तिची लाकडं फोडली आणि त्यावर सैन्याचा स्वयंपाक केला. गावचे लोक बघत होते. आता देव काहीतरी करेल, याची वाट बघत होते.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. जेवण शिजलं," हाइके म्हणाली.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या मांडीवर तो डबा होता. मुग्धाने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे.

मग सुगीचा विधी सुरू झाला. पिण्याच्या शिंगातलं मागच्या वर्षीचं पेय गवतावर ओतलं आणि मधाची नवी दारू भरली. त्यानंतर मधाचा केक आणला. जुन्या काळी हा केक माणसाएवढा असे. पुजारी त्याच्यामागे उभा राहून लोकांना विचारी, "मी दिसतो का?" लोक म्हणत, "दिसतोस." मग तो म्हणे, "पुढच्या वर्षी दिसू नये एवढं पीक येवो." यंदा पुजाऱ्याचं काम हाइकेकडे होतं. तिने घरच्या ओव्हनमध्ये थरावर थर भाजून केक रचला होता, तरी तो जेमतेम गुडघ्यापर्यंत आला. ती त्याच्यामागे उकिडवी बसली. पाठ, डोकं, निळं जॅकेट, सगळं बाहेर.

"मी दिसते का तुम्हाला?"

"दिसतेस," सगळे हसत म्हणाले.

सासूबाईंनी काय चाललंय ते मला विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. वर्षाच्या सणाला, देवाच्या दारात, नैवेद्य कमी पडला असं त्याच्या तोंडावर सांगायचं? त्यांच्या घरात मीठसुद्धा संपत नाही. त्या खुर्चीतून उठल्या आणि वर्गात बाई बोलतात तशा खणखणीत मराठीत म्हणाल्या, "नाही दिसत. अजिबात दिसत नाही. मला तर केकच दिसतोय." आणि कुणाला कळलं नसेल म्हणून जर्मनमधलं 'नाही' पुढे जोडलं, "नाइन."

सगळे सासूबाईंकडे वळले. मला वाटलं, आता आपण यांचा विधी मोडला. मी घाईघाईने भाषांतर केलं, आमच्याकडे अशा वेळी कमी आहे असं बोलत नाहीत, हेही सांगितलं. केकच्या मागे हाइके तशीच बसून होती. मग तिचे खांदे हलायला लागले. ती उठली तेव्हा हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणतो," ती म्हणाली. "आहे ते भरपूर आहे, असं आम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं."

चिडके आजोबा उठले आणि सासूबाईंसमोर येऊन त्यांनी केकचा पहिला तुकडा पुढे केला.

केक खाताना हाइकेने डब्यातले देव बघायला मागितले. सासूबाईंनी तांदूळ बाजूला सारून खंडोबाचा टाक तिच्या तळहातावर ठेवला. घोड्यावर बसलेला देव, मागे म्हाळसा, खाली कुत्रा. रोज चिंचेने घासून घासून देवाचं नाक नाहीसं झालं आहे.

"हे रोज कुणीतरी घासतं?" तिने विचारलं. "केव्हापासून?"

"केव्हापासून म्हणजे?" सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. "पहिल्यापासून."

हाइकेने टाक दोन्ही हातांत धरला. "आमच्याकडे शत्रूने लिहिलेली काही पानं आहेत," ती म्हणाली. "तो घोडा, तो श्वास, हा केक, सगळं आम्हाला त्यांच्याकडून कळलं. देव तोडणाऱ्यांकडून. आम्हाला हातात कुणी काही दिलंच नाही." मग ती थांबली आणि मुग्धाकडे बघून म्हणाली, "हे पाण्यातच जाणार असतील तर मला द्यायला सांग. मी रोज दिवा लावेन. खरंच सांगते."

मुग्धाने एकेक शब्द नीट भाषांतर करून सांगितलं. सासूबाईंनी हाइकेकडे नव्या नजरेने बघितलं. मग पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला विचारतात तसे प्रश्न सुरू झाले. रविवारी घरात काय शिजतं? डुकराचं मांस, हाइके खरं बोलली. रविवार सोडून खाशील का? प्रयत्न करेन. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो, वांगी मिळतात का? हो, तुर्की दुकानात मिळतात. देवळीला दार आहे की उघडी? हाइके प्रत्येक उत्तर विचार करून देत होती. सासूबाई मान डोलावत होत्या.

शेवटी त्यांनी टाक परत घेतला. "मुलगी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण तळी कशी भरायची, आरती कुठली म्हणायची, तिला शिकवणार कोण?"

"मला शिकवलंयस की," मुग्धा म्हणाली.

"तू गेलीस दुसऱ्या गोत्रात."

"हाइकेचं गोत्र कुठलं, आई?" मुग्धाचा आवाज चढला नव्हता. "तिला द्यायचा विचार तू आत्ता केलास. मी बघत होते. परकीला द्यायला निघालीस आणि मला नाही."

सासूबाईंनी टाक तांदळात ठेवला आणि वरून तांदूळ सारखे केले. परत येताना शेतांच्या वाटेवर सासूबाई डबा घेऊन पुढे चालत होत्या आणि मुग्धा बरीच मागे. मला पहिल्यांदाच माझ्या गप्प राहण्याचा राग आला.

रविवार, व्हिट

आर्कोनाच्या जवळ, कड्याच्या एका घळीत व्हिट नावाची कोळ्यांची वस्ती आहे. गवती छपरांची मोजकी घरं, वर एक पांढरं अष्टकोनी देऊळवजा चर्च, खाली गोट्यांचा किनारा. मासे धुरवण्याचा वास सगळीकडे. पाणी एवढं स्वच्छ की तळाचे गोटे दिसत होते. याच जागेसाठी आम्ही आलो होतो.

सासूबाईंनी चपला काढल्या, डबा छातीशी धरला आणि त्या पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या पायांना लागत होतं. मी आणि मुग्धा मागे. मग त्या वळल्या. मुग्धाकडे नाही, माझ्याकडे.

"निखिलराव, तुमचं काय?"

"माझं काय, आई?"

"घर तुमचं. दुसऱ्या कुळाचे देव घरात यायचे तर तुम्ही त्यांना 'या' म्हणायला हवं."

"घर दोघांचं आहे," मुग्धा म्हणाली.

"म्हणून तर दोघांचं हवंय. तू कधीची हो म्हणतेयस. हे बोलतच नाहीत. मी दोन महिने वाट बघतेय."

हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यांचा नकार फक्त मुग्धा मुलगी आहे म्हणून, असं मी समजत होतो. त्यात माझ्या मौनाचाही वाटा होता. मी खरं ते सांगितलं. "आई, माझा देवावर विश्वास नाही. खोटं कसं बोलू?"

"विश्वास कोण मागतंय? पाणी, दिवा आणि रविवारी भंडारा. मुग्धा गावाला गेली तर तेवढं तुम्ही कराल का?"

मी त्या पाण्याकडे बघितलं. आदल्या दिवशी एक बाई नाक झिजलेला चांदीचा पत्रा दोन्ही हातांत धरून उभी होती, ते आठवलं. हातात कुणी काही दिलंच नाही, हे तिचं वाक्य आठवलं. इथे देणारी समोर उभी होती.

मी चपला काढल्या, जवळ गेलो आणि 'त्सुकर' लिहिलेल्या डब्यासमोर हात जोडले. "या," मी म्हणालो.

सासूबाईंनी डबा मुग्धाच्या हातात दिला. मग त्या वाकल्या, रिकामे हात समुद्रात धुतले आणि पदराला पुसले. "चला, चहा घेऊ," त्या म्हणाल्या. मुग्धा डबा पोटाशी धरून रडत होती. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं तिच्याजवळ उभे राहिलो.

बर्लिन

दोन आठवड्यांनी सासूबाई परत निघाल्या. आता स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक फळी आहे. रविवारी कधीकधी हाइके तिथे येऊन उभी राहते. आरती म्हणत नाही, नुसती बघते, आणि त्या दिवशी घरी काय शिजवलं ते मुग्धाला सांगते.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती. सासूबाई फळीसमोर उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एक दिवस या देवांशिवाय काढलेला नव्हता, आणि आता पुण्याच्या घरात सासरे नव्हते आणि देवही नसणार होते. ते तेव्हा, त्यांच्या पाठीकडे बघताना माझ्या लक्षात आलं. त्यांनी देवांना हळद लावली. मग दारापर्यंत आल्या, वळल्या, एकदा फळीकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं.

"येते," त्या म्हणाल्या.

मुग्धा पुन्हा रडायला लागली होती. म्हणून देवांच्या वतीने आणि आमच्या वतीने मीच म्हणालो, "या, आई."